कुंदा, एकदा तरी खोटं बोलायचंस

तुझ्या तेराव्याला आलेली माणसं जाताना सगळी एकच बोलून गेली, कुंदा. "सुटली बिचारी." चपलेत पाय सरकवता सरकवता बोलली, तुझ्या फोटोला हात जोडून वळता वळता बोलली. काविळीने तू शेवटी हळदीसारखी पिवळी झाली होतीस, ते त्यांनी पाहिलेलं, तेव्हा त्यांचंही काही चुकलं नाही. मी मान हलवत होते आणि मला नुसता राग येत होता. आजारपणाचं सोड. त्याआधीची सगळी वर्षं तू कशात अडकून होतीस, हे ठाऊक असणारी माणसं त्या खोलीत दोघंच होती. एक मी आणि एक तुझा दादा. आणि आम्ही नवराबायको दिवसभर एकमेकांच्या नजरेला नजर देत नव्हतो.

या घरात मनातलं बोलले ते मी तुझ्याशीच. आता तू नाहीस तरी सवय कुठे जाते? म्हणून लिहितेय. लिहिताना मी त्याला अरेतुरे करतेय. तोंडावर कधी केलं नाही, तुला माहितेय. पण तुझ्याशी बोलताना तो माझा नवरा नसतो, तुझा दादा असतो.

मी लग्न होऊन कल्याणजवळच्या मोहन्याहून ठाण्यात खोपटला आले तेव्हा घराघरांत नुकते रंगीत टीव्ही यायला लागलेले. आमच्याकडे टीव्ही नव्हता, समोर एसटी डेपो होता. दिवसभर गाड्यांची घरघर आणि भोंग्यावरून गावांची नावं. मामंजी मी यायच्या आधीच गेलेले. त्यांचं चपला-बूट दुरुस्तीचं दुकान होतं, त्यावर तुझ्या दादाने नवा बोर्ड चढवलेला, 'लेदर गुड्स'. दुकानाच्या मागे आपल्या दोन खोल्या आणि दुकानाच्या डोक्यावर फळ्यांचा पोटमाळा. वर जायला दुकानातूनच लोखंडी शिडी.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. एक बाई चामड्याची फॉरेनची बॅग घेऊन आली. तुझ्या दादाने ती उलटीपालटी केली, उजेडात धरली आणि म्हणाला, "मॅडम, वर मशीन आहे. टेस्ट करून घेतो." शिडीवर चढून त्याने बॅग वर सरकवली. थोड्या वेळाने वरून फळीवर टक् असा आवाज आला. एकदाच. "ओरिजिनल आहे," दादा म्हणाला. बाई खूश होऊन गेली.

जेवताना मी विचारलं, "वर कसलं मशीन बसवलंय?"

तू ताटात भात कालवत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "वहिनी, मशीनला जरा आमटी वाढ."

तेव्हा कळलं. एकदा टक् म्हणजे खरी, दोनदा म्हणजे नकली. बाहेरचा माल त्या काळात असा उघड मिळत नव्हता. जहाजावरची माणसं, विमानात नोकरी करणारी माणसं, मुंबईतले जुने बंगले रिकामे करणारे, यांच्याकडून फ्रान्स-इटलीच्या जुन्या बॅगा दादाकडे यायच्या. सिनेमाला कपडे पुरवणारे घ्यायचे, पैसेवाल्यांच्या घरी लग्न निघालं की ते घ्यायचे. त्यात नकली मालही तेवढाच फिरायचा. ठाण्यात डेपोसमोर एकाकडे मशीन आहे, ते खरंखोटं सांगतं, ही बातमी पार वांद्र्यापर्यंत गेलेली. आणि ते मशीन पोटमाळ्यावर परकर-पोलक्यावरचा जुना गाऊन घालून, पाय पसरून, शेंगदाणे खात बसलेलं असायचं.

मामंजींनी तुला लहानपणीच शिवण उसवायला बसवलेलं, बोटं बारीक म्हणून. दुरुस्तीला आलेल्या कितीतरी बॅगा तू आतून उघडलेल्या. बाकीची माणसं बॅगेचा चेहरा बघायची, तुला तिचं पोट माहीत होतं. आणि याचा तुला केवढा तोरा होता! तेराव्याला सगळे 'साधी होती, भोळी होती' म्हणत होते, तेव्हा मला तेवढ्यातही हसू आलं. तुझ्याइतकी गर्विष्ठ बाई मी बघितलेली नाही. नकली बॅग वर आली की तू ती दोन बोटांनी उचलायचीस, मेलेलं झुरळ उचलावं तशी.

चहा घेऊन मी वर यायचे आणि तू मला बसवून घ्यायचीस.

"नाकाला लाव. कसला वास येतो?"

"चामड्याचा."

"डोंबल चामड्याचा. सोल्युशनचा येतोय. चप्पल चिकटवतात ते. आता ही घे."

दुसऱ्या बॅगेला खरंच वेगळा वास असायचा. थोडा लाकडासारखा, थोडा जुन्या कपाटासारखा. मग तू टाके दाखवायचीस. हाताने घातलेला टाका जरासा तिरका बसतो, मशीनचा सरळ पळतो. फुटक्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक होतं तुझ्याकडे, ते बक्कलला लावायचीस. चिकटलं तर आत लोखंड, वर नुसता मुलामा. "पण एका खुणेवर जाऊ नकोस हां," हे प्रत्येक वेळी. "खऱ्या बॅगेचंही बक्कल कोणी नंतर बदललेलं असतं. सगळं बघायचं, मग बोलायचं."

आणि जुनेपणा. तुझा सगळ्यात आवडता विषय. "जुनी आहे म्हणतात ना, मग जुनेपणा कुठे कुठे आहे ते बघ. हँडल हात लागून लागून काळं पडतं. पण बक्कलखाली हात पोचत नाही. तिथे पट्टा गोराच राहायला हवा. सगळीकडे सारखं काळं दिसलं की समजायचं, कोणीतरी चहाचं पाणी फासलंय."

एक दुपार मला नेहमी आठवते. बाहेर ऊन मरणाचं, पत्रा तापलेला, टेबलफॅन गरम वारा फेकत होता. एक काळी फ्रेंच बॅग तुझ्या मांडीवर होती, आणि तू आतल्या खिशात बोटं घालून चाचपत बसलेलीस. मग म्हणालीस, "ही बाई डावखुरी होती गं."

"कोण बाई?"

"शिवणारी. टाके उलट्या बाजूला झुकलेत. बाहेरचे कोणीतरी दुसऱ्याने घातलेत, खिशाचे हिने घातलेत." आणि दुपारभर तू त्या कुठल्या कोण फ्रान्सच्या बाईबद्दल बोलत राहिलीस. तिला डाव्या हाताने शिवते म्हणून कोणी बोललं असेल का, तिला मुलं किती असतील, ती बसायची तिथे खिडकी असेल का. तुझ्या माळ्याला खिडकी नव्हती. पत्र्यात एक झरोका होता, तोही डेपोच्या भिंतीकडे.

त्या माळ्यावर उभं राहता येत नव्हतं. बसायचं, नाहीतर गुडघ्यांवर सरकायचं. दुकान उघडायच्या आधी वर जायचं आणि मध्ये गिऱ्हाईक नसेल तेव्हाच खाली यायचं, कारण शिडी दुकानातूनच होती आणि मशीन शिडीवरून उतरताना कोणाला दिसून चालणार नव्हतं. कडी नव्हती, कुलूप नव्हतं. तुझ्यावर कोणी कधी आवाजही चढवला नाही. दादा तुझ्यासाठी आठवणीने शेंगदाणे आणायचा, उन्हाळ्यात बर्फ आणायचा. बाहेरच्या कोणाला सांगितलं असतं की ही मुलगी अडकलीय, तर तो म्हणाला असता, कुठे?

स्थळं यायची. प्रत्येकात दादाला काहीतरी खोट सापडायची. एक लांबचं, एक पिणारं, एकाची आई कजाग. मी एकदा सरळच विचारलं, "तुम्हाला कुंदाचं लग्न करायचंय की नाही?" त्याने मधलं दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "मला नाही कळत गं, मंगल. हातात घेतली की सगळ्या सारख्याच वाटतात. बाबांनी मलाही शिकवून बघितलं. ती गेली तर मी उद्या दुकानात काय सांगू?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा मला त्याची दया आली. ती दया अजून पूर्ण गेलेली नाही, आणि तोच माझा त्रास आहे.

वसंता माझ्या डोक्यातून आला. माझा आतेभाऊ, कोपरला राहणारा, मालवाहू जहाजावर फिटर. माझ्या भावाच्या लग्नात मोहन्याला तू आलेलीस, पंगतीत तो नेमका तुझ्यासमोर बसला. "तुम्ही काय करता?" त्याने विचारलं. तू म्हणालीस, "चामडं बघते." तो हसला, पण हसून सोडून दिलं नाही. बंदराबंदरांतले जुने बाजार सांगायला लागला, तू त्याला उलट प्रश्न विचारायला लागलीस, आणि तुम्हा दोघांच्या पानातली जिलेबी तशीच राहिली. परत येताना रिक्षात तू म्हणालीस, "वहिनी, तो वर्षातले बरेच महिने जहाजावर असतो ना?"

"हो गं. तोच एक प्रॉब्लेम आहे."

"प्रॉब्लेम कसला? याहून चांगला नवरा कुठे मिळणार?" आणि तोंडाला पदर लावून हसत राहिलीस ती कल्याण स्टेशन येईपर्यंत.

दादाला यात काही खोट काढता आली नाही. मुलगा माझ्या नात्यातला, न पिणारा, घर जवळ. तो हो म्हणाला. बोलणी करायला आत्या आणि कोपरची चार माणसं आपल्याकडे आली. तू मोरपंखी साडी नेसलेलीस आणि इतकी ताठ बसलेलीस, जणू डोक्याला छप्पर न टेकण्याचीच सवय करून घेत होतीस.

चहा झाल्यावर वसंताने कागदातून बॅग काढली. तपकिरी, पितळी बक्कलची, वापरून वापरून काळवंडलेल्या हँडलची. "इटलीत घेतली," तो म्हणाला. "जुन्या मालाचं दुकान होतं. तुम्हाला जुनीच आवडते असं मंगलताई म्हणालेली."

"असली फॉरेनची हां," आत्या सगळ्यांना म्हणाली. "ओव्हरटाइम करून घेतलीय पोराने."

तू बॅग मांडीवर घेतलीस. तुझा अंगठा आपोआप बक्कलखाली गेला. मी बघत होते. तो तिथे थांबला, आणि मग तू तो हळूच काढून घेतलास आणि दोन्ही हात बॅगेवर ठेवून खाली बघत बसलीस. तू गप्प राहणार होतीस, कुंदा. हे मी शपथेवर सांगेन. तू ठरवलं होतंस.

पण दादानेही बघितलं होतं. त्याला चामड्यातलं काही कळत नसेल, तुझ्या चेहऱ्यातलं सगळं कळायचं. तो हसत पुढे सरकला. "आत्याबाई, एक गंमत सांगतो. लोकांना वाटतं पारख मला आहे. मला काही कळत नाही. या दुकानाची खरी पारखी ही आमची कुंदा. मोठमोठ्या बंगल्यांतल्या बॅगा हिच्या शब्दावर विकल्या जातात." खोलीतले सगळे तुझ्याकडे बघायला लागले. इतक्या वर्षांत त्याने कोणासमोर हे कबूल केलं नव्हतं. "सांग की कुंदा. खरी की नकली?"

मी तुझ्याकडे डोळे मोठे करून बघितलं. तू माझ्याकडे बघितलंच नाहीस.

"नकली आहे," तू म्हणालीस.

आत्याचा चेहरा पडला. वसंताचा नाही. तो जागेवरून पुढे सरकला. "कशावरून?" त्याने विचारलं, आणि त्यात राग नव्हता, खरंच विचारलं. तू बक्कल सोडलंस, पट्टा उलटा केलास. "हे बघा, इथे चामडं गोरं राहायला हवं होतं. इथे हात पोचत नाही."

"म्हणजे फसवलंन मला त्याने."

"काम चांगलं आहे. दुसरं कोणीही फसलं असतं." आणि तुम्ही दोघं हसलात. डोक्याला डोकं लावून त्या पट्ट्यात बघत हसलात. खोलीत तुम्ही दोघंच हसत होतात. तोवर आत्या उठली होती. "माझ्या पोराला चारचौघांत येडा ठरवला," एवढंच म्हणाली आणि दाराकडे गेली. मोठी माणसं तिच्यामागे उठली. वसंता बॅग घेऊन निघाला आणि दारात एकदा मागे वळून बघितलंन.

दादा त्या दिवशी मला म्हणाला, "मी काय वाईट केलं? तिचं कौतुकच केलं ना?"

दोन-तीन दिवसांनी मी चहा घेऊन तुझ्याकडे वर आलेले, तेवढ्यात खालून वसंताचा आवाज आला. तू वर बसतेस हे त्याला माझ्याकडूनच कळलेलं. तू कप खाली ठेवलास.

"दाजी, ही बॅग वर पाठवा. विचारा, ठेवायची की नाही."

"त्या दिवशी सांगितलं की तिने," दादाचा आवाज.

"त्या दिवशी तुम्ही विचारलंत. आज मी विचारतोय."

बॅग वर आली. तू ती बघितलीही नाहीस. मांडीवर घेतलीस, केस कानामागे सारलेस, जसा काही तो फळ्यांमधून बघणार होता. आणि वाकून टक् केलंस. एकदा. इतक्या जोरात की माझ्याखालची फळी हलली.

मग दादा म्हणाला, "नकली."

मी ओरडले, "वसंता, थांब!" डेपोतून गाडी निघत होती, तिच्या आवाजात माझं ओरडणं बुडालं. शिडी उतरून रस्त्यावर येईपर्यंत त्याची रिक्षा वळलेली, बॅग तुझ्याच मांडीवर राहिलेली. मी दादाकडे आले. तो गल्ल्यावर हात ठेवून उभा होता. "खोटं काय बोललो?" तो म्हणाला. "बॅग नकलीच आहे. वर जाऊन विचार तिला."

दुसऱ्या दिवशी मी कोपरला गेले. आत्याने दार उघडलं, पाणी दिलं आणि ती आत निघून गेली. वसंता माझ्याबरोबर जिना उतरून खाली आला. मी सगळं सांगितलं. एकदा टक् म्हणजे काय, तेही सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मंगलताई, मी दुकानात किती वेळ उभा होतो. मला वरून एक शब्द ऐकायचा होता गं. फळी ठोकण्यावर संसार कसा करू?" मग म्हणाला, "उद्याचा दिवस मी घरी आहे. परवा जहाज. तिला म्हणावं, स्वतः ये आणि सांग. आईला मी बघून घेतो."

तू तयार झालीस, कुंदा. दुपारी गिऱ्हाईक नसेल तेव्हा निघायचं ठरवून तीच मोरपंखी साडी तू दुसऱ्या दिवशी सकाळी वरच नेऊन ठेवलेलीस, आणि बसल्या बसल्या, न उभं राहता, नेसलीस. माळ्यावर बसून साडी नेसणारी बाई मी आयुष्यात एकच बघितली. निऱ्या मी धरल्या. आणि तू शिडीच्या तोंडाशी आलीस तेव्हा खाली एक गिऱ्हाईक बसलं होतं.

दादाने त्याच्यासाठी चहा मागवला. मग एकेक करून सगळा माल काढून दाखवायला लागला. तो माणूस उठायला लागला की दुसरं कपाट उघडायचा. तुला दिसत होतं, मलाही दिसत होतं. मी तुझ्या कानात म्हणाले, "उतर."

"गिऱ्हाईक आहे, वहिनी."

"असू दे. उतर तू."

"मला बघितलं तर दुकान बसेल."

"बसू दे!"

तू शिडीच्या वरच्या पायरीवर हात ठेवून बसून राहिलीस. ते गिऱ्हाईक गेलं, तसं दुसरं आलं. ऊन उतरलं. तुझ्या तोंडावरची पावडर घामाने वाहून गेली. मी तुला ओढलंही, दंडाला धरून. तू हलली नाहीस. शेवटी म्हणालीस, "दादा खोटं नाही बोलला. बॅग नकलीच होती. खोटं मी ठोकलं."

यावर आपलं पुढे जेवढं भांडण झालं तेवढं कोणत्याच गोष्टीवर झालं नाही. मी म्हणायचे, वसंताने बॅगेचं विचारलं नव्हतं, तुला कळलेलं आणि दादालाही कळलेलं. तू म्हणायचीस, बॅग मांडीवर होती. मी म्हणायचे, मग बोलणीच्या दिवशी तरी. एकदा तरी खोटं बोलायचंस. 'खरी आहे' म्हणून टाकायचंस, कोणाचं काय जाणार होतं? कधी तू चिडायचीस. कधी म्हणायचीस, "मग माझ्याकडे काय उरलं असतं?" कधी नुसती दुसरी बॅग ओढून टाके मोजायला लागायचीस. वसंताचं पुढे लग्न झालं, आत्याने पत्रिका पाठवली, तू माझ्याबरोबर बसून आहेरासाठी साडी निवडलीस. तेव्हाही आपण भांडलो, साडीच्या रंगावरून.

मग दिवस बदलले. बाहेरचा माल उघड यायला लागला, केबल आली, आणि नकली बॅगाही इतक्या चांगल्या यायला लागल्या की तुला दिवस दिवस लागायचा. तू खूश असायचीस त्यामुळे. "हे कोणीतरी डोकं लावून केलंय," म्हणायचीस, आणि दोन बोटांनी उचलणं बंद केलंस. दुकानाला काच लागली, एसी लागला. माळ्यावर एसी पोचला नाही. तुझे गुडघे गेले, शिडी चढताना मी खालून आधार द्यायचे. एकदा म्हणाले, आता तरी खाली बस, आता कोण काय बोलतंय? तू म्हणालीस, "खाली बसून काय करू? मला लोकांशी बोलता कुठे येतं?" ते मात्र खरं होतं. तुला आता येत नव्हतं.

हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात मी तुझे पाय चोळत बसलेले. तुला झोप लागलीय असं वाटलं. तू डोळे मिटूनच बोललीस.

"वहिनी, तुला अजून वाटतं ना, मी खरं बोलायचं म्हणून बोलले?"

मला लगेच कळलं नाही कशाबद्दल.

"दादाने मला पहिल्यांदा सगळ्यांसमोर विचारलं होतं गं," तू म्हणालीस. "पहिल्यांदा सांगितलं लोकांना, की कळतं ते हिला कळतं. मला त्या उत्तरात चूक करायची नव्हती."

मी पाय चोळत राहिले. इतकी वर्षं मी तुझ्याशी चुकीच्या गोष्टीवर भांडत होते. मला वाटायचं तू हट्टी आहेस. तुला तर फक्त एकदा, माणसांनी भरलेल्या खोलीत, बरोबर उत्तर द्यायचं होतं. हे तेव्हाच सांगितलं असतंस तर मी तुला जवळ घेतलं असतं. तेव्हा हॉस्पिटलात नर्स आली, सलाईन बदलायचं होतं, आणि ते राहून गेलं.

तुला आभार मानायचे होते, तेही राहिलं. या घरात आले तेव्हा मला स्वयंपाक सोडून काही येत नव्हतं. तू मला बघायला शिकवलंस. आता बसमध्ये बसले तरी शेजारणीच्या पर्सच्या टाक्यांवर नजर जाते. दादा तुझ्या मागे ढसाढसा रडला, तेही तुला सांगायचं होतं. स्मशानातून आला तो थेट दुकानात गेला आणि शिडीच्या खाली बसून रडला. ते रडणं खरं होतं. मी बघितलं सगळीकडून, तुझ्यासारखं. खरंच होतं.

काल दुकान उघडलं. दुपारी एक कॉलेजातली मुलगी आली. आजीची बॅग होती, आजी गेलेली, हिला फक्त जाणून घ्यायचं होतं. तुझ्या दादाने बॅग उलटीपालटी केली, उजेडात धरली. मग मागच्या दारात मी उभी होते तिथे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मंगल, तू बसायचीस ना तिच्याजवळ. जरा वर जाऊन बघतेस?"

मी त्याच्या हातातून बॅग घेतली. तिथेच, दुकानात. अंगठा आपोआप बक्कलखाली गेला. पट्टा तिथे गोरा होता, कुंदा. आतल्या खिशात बोटं घातली, टाके सगळे एका बाजूला तिरके, एकही चुकलेला नाही. वास तोच, जुन्या कपाटाचा. मला कळलं होतं. तू जवळ नसताना, एकटीला, पहिल्यांदा.

मुलगी माझ्याकडे बघत होती. दादाही बघत होता, आणि त्याचे डोळे हळूहळू मोठे होत होते. त्याने तुझा चेहरा वाचला तसा तो आता माझा वाचत होता. मी चेहरा घट्ट आवळून घेतला आणि बॅग काउंटरवर ठेवली.

"मला यातलं काही कळत नाही," मी म्हणाले.

"एवढी वर्षं वर जायचीस," दादा म्हणाला.

"चहा द्यायला." मग मी मुलीकडे वळले. "माझी नणंद होती. कुंदा. तिला कळायचं. सगळं तीच सांगायची. ती गेली."

"ओह. सॉरी हां काकी," मुलगी म्हणाली आणि बॅग खांद्याला लावून निघाली.

तुला नाही जमलं ते एक खोटं मला जमलं. इतकं सोपं निघालं ते की मला तुझाच राग आला, आणि पाठोपाठ रडू. कारण बॅग खरी होती गं. इतकी सुंदर होती. त्या पोरीला माहीतच नाही तिच्या खांद्यावर काय आहे. मी दुकानाच्या पायरीपर्यंत गेले. ती रस्ता ओलांडून डेपोच्या गर्दीत शिरत होती. चार पावलं धावले असते तर सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं.

पण मागे तुझा दादा उभा होता.